लोकजीवनाचे जतन : अमेरिकेतील एका राष्ट्रीय केंद्राची उभारणी

एखाद्या देशाची संपत्ती मोजावयाची झाल्यास धरणे, कारखाने, खाणी आणि लागवडीखालील जमीन यांचे आकडे सहज हाती लागतात. परंतु वृद्धेच्या ओठांवरील गाणे, सुताराच्या हातातील कसब, सुगीच्या वेळची प्रथा, कामगारांच्या बोलीतील म्हणी यांची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. ही संपत्ती कागदावर नसते; ती माणसांत असते. म्हणूनच माणूस गेला की तीही त्याच्याबरोबर जाते आणि काय गेले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा संपत्तीच्या रक्षणासाठी शासनाने काही करावे काय, आणि करावयाचे तर नेमके काय, हा प्रश्न अमेरिकेच्या संसदेपुढे १९६९ साली आला. त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ सात वर्षे लागली. २ जानेवारी १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 'अमेरिकन लोकजीवन जतन अधिनियमा'वर स्वाक्षरी केली आणि काँग्रेसच्या ग्रंथालयात 'अमेरिकन लोकजीवन केंद्र' स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. ते वर्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे होते.

लोकजीवन म्हणजे काय?

या अधिनियमाचे महत्त्व प्रथमतः त्याच्या व्याख्येत आहे. लोककला म्हटली की सामान्यतः गाणे, नृत्य आणि रंगीत पोशाख एवढेच डोळ्यांपुढे येते. अधिनियमाने मात्र लोकजीवनाची कल्पना पुष्कळ व्यापक केली. कुटुंब, वंश, व्यवसाय, धर्म आणि प्रदेश या नात्यांनी बांधलेल्या समूहांची परंपरागत अभिव्यक्ती म्हणजे लोकजीवन, असे त्यात मानले आहे. रूढी, श्रद्धा, तांत्रिक कौशल्य, भाषा, वाङ्मय, कला, वास्तुरचना, संगीत, खेळ, नृत्य, नाट्य, विधी आणि हस्तव्यवसाय या सर्वांचा त्यात समावेश होतो.

व्याख्येतील दुसरा भाग अधिक मार्मिक आहे. या गोष्टी मुख्यतः तोंडी, अनुकरणाने किंवा प्रत्यक्ष प्रयोगातून शिकल्या जातात. शाळा, संस्था किंवा अधिकृत मार्गदर्शन यांच्या आधाराविना त्या टिकून राहतात, असे अधिनियम सांगतो. येथेच शासनापुढील अवघड प्रश्न उभा राहतो. जे संस्थेशिवाय जगते त्याच्या रक्षणासाठी संस्था कशी उभारावी? केंद्राच्या पुढील सर्व कार्यपद्धतीवर या प्रश्नाची छाया दिसते.

अधिनियमाच्या प्रास्ताविकात आणखी एक विचार मांडला आहे. बलवान राष्ट्र घडविण्यासाठी सांस्कृतिक भेदांचा बळी द्यावा लागत नाही, हे अमेरिकेच्या इतिहासाने सिद्ध केले आहे, असे त्यात म्हटले आहे. हे विधान वाचताना त्या देशाच्या इतिहासातील निराळी पानेही डोळ्यांआड करता येत नाहीत. १८८३ साली त्याच शासनाने आदिवासी जमातींच्या धार्मिक नृत्यांना आणि विधींना गुन्हा ठरविणारे नियम केले होते. पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ साली उघडलेल्या निवासी शाळेत आणि तिच्या नमुन्यावर निघालेल्या इतर शाळांत आदिवासी मुलांना स्वतःच्या भाषेत बोलण्यास मनाई होती. म्हणजे १९७६ चा अधिनियम हा केवळ अभिमानाचा उद्गार नव्हता. एका जुन्या धोरणाला दिलेली ती उशिराची कलाटणीही होती.

पूर्वपीठिका

लोकपरंपरा यंत्राच्या साहाय्याने नोंदविण्याचे काम अमेरिकेत त्याआधी बरेच सुरू झाले होते. थॉमस एडिसन यांनी १८७७ साली ध्वनिलेखन यंत्र शोधून काढले. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हे संशोधक मेन राज्यातील कॅलस या गावी हे यंत्र घेऊन गेले आणि पासामाक्वॉडी जमातीतील लोकांची गाणी व कथा त्यांनी मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेतल्या. प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. एका नळीवर जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आवाज मावे आणि नळी जितक्या वेळा वाजवावी तितकी ती झिजत जाई.

१९२८ साली काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या संगीत विभागात लोकगीतांचे संग्रहालय सुरू झाले. रॉबर्ट गॉर्डन हे त्याचे पहिले प्रमुख होते. या कामाला आरंभी शासकीय तरतूद नव्हती. खाजगी देणग्यांवर ते चाले. १९३३ साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचे अठरा वर्षांचे चिरंजीव ॲलन यांनी मोटारीत सुमारे ३०० पौंड वजनाचे ध्वनिमुद्रण यंत्र चढवून दक्षिणेकडील राज्यांचा दौरा केला. शेतमजूर, गुराखी आणि तुरुंगातील कृष्णवर्णीय कैदी यांची गाणी त्यांनी मुद्रित केली. पुढे 'लेडबेली' या नावाने प्रसिद्धीस आलेला गायक हडी लेडबेटर त्यांना लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंगातच भेटला. १९३७ साली ॲलन लोमॅक्स यांची पगारी नेमणूक झाली आणि या कामाला प्रथमच संसदेच्या तरतुदीचा नियमित आधार मिळाला.

याच काळात, महामंदीच्या दिवसांत, बेकार लेखकांना काम देणाऱ्या शासकीय योजनेतून एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या. १९३६ ते १९३८ या काळात जमविलेली अशी २,३०० हून अधिक निवेदने आज काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. गुलामगिरी १८६५ साली संपली होती. त्यामुळे मुलाखत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सत्तरी ओलांडली होती. हे काम आणखी दहा-पंधरा वर्षे लांबते तर या साक्षी कायमच्या नाहीशा झाल्या असत्या.

एवढे सारे होऊनही या प्रयत्नांना राष्ट्रीय धोरणाचे स्वरूप नव्हते. एखादा उत्साही संशोधक असेल तोवर काम चाले. तो गेला की ते मंदावत असे. १९६७ साली स्मिथसोनियन संस्थेने वॉशिंग्टनमधील विस्तीर्ण मैदानावर लोकजीवन महोत्सव भरविण्यास प्रारंभ केला. या महोत्सवाचे शिल्पकार राल्फ रिन्झलर होते. निरनिराळ्या राज्यांतील गायक, विणकर आणि कुंभार राजधानीत आले आणि प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली. संसद सदस्यांच्या दाराशीच हे दर्शन घडत असल्याने या विषयाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. परंतु महोत्सव काही दिवसांचा असतो. कायमच्या व्यवस्थेचा प्रश्न तसाच राहिला होता.

सात वर्षांचा पाठपुरावा

२० मार्च १९६९ रोजी टेक्सासचे सिनेटर राल्फ यार्बरो यांनी सिनेटमध्ये पहिले विधेयक मांडले. कला आणि मानव्यविद्या यांच्यासाठी राष्ट्रीय निधी निर्माण झाले होते. त्याच धर्तीवर सामान्य लोकांच्या परंपरांसाठी एक प्रतिष्ठान असावे आणि ते स्मिथसोनियन संस्थेत असावे, अशी त्यामागील कल्पना होती. परंतु १९७० साली यार्बरो यांना स्वपक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीतच पराभव पत्करावा लागला आणि विधेयकाचा आधारस्तंभ कोसळला.

येथून पुढची कथा मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीची आहे. आर्ची ग्रीन यांचा जन्म १९१७ सालचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत त्यांनी अनेक वर्षे जहाजबांधणीचे सुतारकाम केले होते आणि कामगार संघटनेचे ते निष्ठावान सभासद होते. प्रौढ वयात त्यांनी ग्रंथालयशास्त्राचा व लोकविद्येचा अभ्यास केला. कोळसा खाणीतील मजुरांच्या गाण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. कामगाराचे गाणे, त्याची बोली आणि त्याचे हस्तकौशल्य ही कवी-चित्रकारांच्या निर्मितीइतकीच राष्ट्राची ठेव आहे, ही त्यांची श्रद्धा होती. तीच घेऊन ते वॉशिंग्टनमध्ये राहिले आणि सदस्यांच्या कार्यालयांचे उंबरे झिजवू लागले.

त्यांच्या प्रयत्नांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक सदस्याला ते त्याच्या स्वतःच्या मतदारसंघातील परंपरेची आठवण करून देत. खाणींचा प्रदेश असो, गुरांची कुरणे असोत की पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांची वस्ती असो, लोकजीवन नाही असा एकही मतदारसंघ नव्हता. त्यामुळे हा विषय एका पक्षाचा किंवा एका प्रदेशाचा राहिला नाही. प्रतिनिधिगृहात फ्रँक थॉम्प्सन आणि ल्यूशियन नेड्झी, तर सिनेटमध्ये फ्रेड हॅरिस आणि पुढे जेम्स अबुरेझ्क यांनी विधेयकाचा पुरस्कार केला. दरम्यान १९७४ साली राष्ट्रीय कला निधीत लोककलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. कलावंतांना व संस्थांना अनुदान देण्याची एक वाट अशा रीतीने खुली झाली. नव्या केंद्राची जागाही बदलली. ते स्मिथसोनियनऐवजी काँग्रेसच्या ग्रंथालयात असावे असे ठरले. तेथे १९२८ पासूनचा ध्वनिसंग्रह तयारच होता आणि ग्रंथालय हे संसदेचे स्वतःचेच अंग होते. १९७५ च्या अखेरीस विधेयक संमत झाले.

केंद्राची रचना

अधिनियमाने केंद्राला दोन कामे नेमून दिली : जतन करणे आणि लोकांपुढे मांडणे. केवळ साठवण पुरेशी नाही. साठविलेले पुन्हा लोकांपर्यंत गेले पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. संशोधन, दस्तऐवज तयार करणे, संग्रह राखणे, प्रदर्शने, प्रकाशने, प्रयोग आणि प्रशिक्षण ही त्यासाठीची साधने ठरविण्यात आली.

कारभारासाठी विश्वस्त मंडळाची योजना करण्यात आली. मूळ रचनेनुसार चार सदस्य राष्ट्राध्यक्षांनी शासकीय खात्यांतील अधिकाऱ्यांमधून नेमावयाचे, चार सिनेटच्या हंगामी अध्यक्षांनी आणि चार प्रतिनिधिगृहाच्या सभापतींनी नेमावयाचे होते. काँग्रेसचे ग्रंथपाल, स्मिथसोनियन संस्थेचे सचिव आणि कला व मानव्यविद्या निधींचे अध्यक्ष हे पदसिद्ध सदस्य होते. परस्परांशी स्पर्धा करू शकणाऱ्या संस्थांना एकाच टेबलाभोवती बसविण्याची ही व्यवस्था होती.

केंद्राचे पहिले संचालक म्हणून ॲलन जबूर यांची निवड झाली आणि १९९९ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. ते स्वतः फिडलवादक होते. विद्यार्थिदशेत, १९६६-६७ साली, व्हर्जिनियातील ग्लेन लिन येथे हेन्री रीड या ऐंशी वर्षांपुढील वादकाच्या घरी जाऊन त्यांनी शंभराहून अधिक मुद्रणे केली होती. रीड १९६८ साली निवर्तले. त्या वृद्धाच्या स्मरणातील जुन्या चाली आज अनेक तरुण वादक वाजवितात. त्या दोन वर्षांत कोणी त्याच्या दाराशी गेले नसते तर ते शक्य झाले नसते. केंद्राचा संचालक असा प्रत्यक्ष अनुभवातून आलेला असल्याचा परिणाम पुढील कामावर झाला.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

लोकगीतांचे जुने संग्रहालय १९७८ साली केंद्रात विलीन झाले. तत्पूर्वीच, १९७७ साली, केंद्राने क्षेत्रपाहणीस सुरुवात केली होती. या पाहण्यांचे वैशिष्ट्य असे की त्या एकट्यादुकट्या संशोधकाने केलेल्या नसून पथकांनी केलेल्या होत्या आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थेला बरोबर घेतले जाई. कोणी मुलाखती घेई, कोणी छायाचित्रे काढी, कोणी ध्वनिमुद्रण करी. प्रत्येक जण रोजची टिपणे लिहून ठेवी.

दक्षिण-मध्य जॉर्जियात शेतकरी कुटुंबांची गाणी, प्रार्थना आणि कारागिरी नोंदविण्यात आली. शिकागो शहरात इलिनॉय राज्याच्या कला परिषदेच्या सहकार्याने वीसहून अधिक वांशिक समाजांच्या कलांची पाहणी झाली. लोकजीवन खेड्यातच असते, हा समज या पाहणीने दूर केला. १९७८ साली राष्ट्रीय उद्यान सेवेच्या साहाय्याने व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरील ब्लू रिज डोंगराळ भागात काम झाले. त्याच वर्षी नेव्हाडातील पॅराडाइज व्हॅली या खोऱ्यातील गुराख्यांच्या जीवनाचा अभ्यास सुरू झाला आणि तो १९८२ पर्यंत चालला. गुरांना डाग देणे, गवत साठविणे, खोगीर तयार करणे, दगडी इमारती बांधणे अशा गोष्टी तेथे चित्रित करण्यात आल्या. १९८० साली त्यावर स्मिथसोनियनच्या संग्रहालयात प्रदर्शन भरले.

शिक्षकांच्या दृष्टीने १९८२ सालचा एक प्रकल्प विशेष उल्लेखनीय आहे. स्थलांतरित समाज आपल्या मुलांना मातृभाषा, गाणी आणि सण शिकविण्यासाठी नेहमीच्या शाळेच्या वेळेबाहेर स्वतःच्या शाळा चालवितात. अशा वांशिक व भाषिक शाळांची पाहणी केंद्राने देशाच्या विविध भागांत केली. १९८७-८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या जुन्या कापड गिरण्यांच्या गावातही पाहणी झाली. तेथे नव्यानेच आलेले कंबोडियाचे निर्वासित आपले जीवन नव्याने उभारीत होते. जतन म्हणजे केवळ जुन्याची नोंद नव्हे, तर आज घडत असलेल्या परंपरेचीही दखल होय, हे या कामातून दिसते.

आवाज घरी परततो

केंद्राच्या कार्यातील सर्वांत हृद्य भाग मेणाच्या नळ्यांचा आहे. निरनिराळ्या शासकीय संस्थांत साचलेल्या सुमारे दहा हजार नळ्यांवरील ध्वनी टिकाऊ फितींवर उतरविण्याचा प्रकल्प १९७९ साली हाती घेण्यात आला. नळ्यांना बुरशी लागत होती, काही तडकल्या होत्या. त्यांतील बहुतांश मुद्रणे आदिवासी जमातींची होती. ज्यांचे आजे-पणजे त्या नळ्यांत गात होते, त्या लोकांना मात्र त्यांचा ठावठिकाणाही नव्हता. आदिवासींच्या धार्मिक स्वातंत्र्याला मान्यता देणारा कायदा १९७८ साली झाला होता. त्यामुळे ध्वनी वाचविणे एवढेच नव्हे, तर तो ज्यांचा त्यांना परत करणे, हे प्रकल्पाचे उद्दिष्ट ठरले.

नेब्रास्का राज्यातील ओमाहा जमातीचे उदाहरण बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ॲलिस फ्लेचर आणि जमातीतच जन्मलेले फ्रान्सिस ला फ्लेश यांनी तेथील गाणी मुद्रित केली होती. १९८३ साली केंद्राचे प्रतिनिधी या मुद्रणांच्या प्रती घेऊन मेसी येथील वार्षिक मेळाव्यास गेले. सुमारे नव्वद वर्षांपूर्वीचे आवाज त्या जमातीच्या भूमीवर पुन्हा ऐकू आले. १९८५ साली जमातीच्या सहकार्याने निवडक गाण्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. पासामाक्वॉडी जमातीची १८९० सालची मुद्रणेही पुढे संगणकीय तंत्राने अधिक स्पष्ट करण्यात आली. २०१८ मध्ये ती जमातीच्या संमतीने आणि तिच्याच अटींसह अभ्यासकांना खुली झाली. कोणते गाणे सर्वांनी ऐकावे आणि कोणते जमातीपुरते राहावे, हे सांगण्याचा अधिकार आता गाणाऱ्यांच्या वंशजांना आहे.

काही अनुत्तरित प्रश्न

या कामाला मर्यादा नव्हत्या असे नाही. बरीच वर्षे केंद्राची मुदत ठराविक काळापुरती वाढविली जाई. संसदेची कायम मान्यता मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. संग्रहाच्या नीतीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. तुरुंगातील कैद्यापुढे अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत यंत्र ठेवले असता त्याने दिलेली संमती कितपत खरी मानावी? मुद्रित गाण्यापासून मिळणारे श्रेय आणि धन कोणाचे? १९३० च्या दशकात हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत. आज ते प्रत्येक संग्राहकाला विचारावेच लागतात.

केंद्राचा विस्तार मात्र चालूच राहिला. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आठवणी जमविण्याचा प्रकल्प २००० साली कायद्याने सुरू झाला आणि त्यात एक लाखाहून अधिक व्यक्तींचे संग्रह जमा झाले. मुलाखती घेणाऱ्यांत शाळकरी मुलांपासून निवृत्त नागरिकांपर्यंत अनेक स्वयंसेवक आहेत. ॲलन लोमॅक्स यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रहही २००४ साली केंद्रात आला. महाराष्ट्रातील वाचकांना हे ग्रंथालय अगदीच परके नाही. त्याचे नवी दिल्ली येथील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेत आले असून त्यांत मराठी पुस्तकांचाही समावेश आहे.

बोध

या सर्व इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, कायद्याने परंपरा जिवंत ठेवता येत नाही. ती गाणारा, विणणारा, घडविणारा आणि त्याच्यापासून शिकणारा हेच ती जिवंत ठेवतात. शासनाला त्यांची नोंद घेता येते, त्यांना मान देता येतो आणि त्यांच्या वाटेतील अडथळे दूर करता येतात. दुसरी गोष्ट, नोंद करताना गाण्याबरोबर गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक, प्रसंग आणि संमती यांची टिपणे अवश्य ठेवली पाहिजेत. त्यांच्याविना उत्तम मुद्रणही अनाथ होते. तिसरी, मुद्रणाची एक प्रत ज्या गावातून ते घेतले त्या गावात राहिली पाहिजे. ओमाहांच्या आवाजाला घरी येण्यास नव्वद वर्षे लागली, ती लागण्याचे कारण नव्हते. आणि चौथी, कामाला उशीर परवडत नाही. इमारत मोडकळीस आली तर ती दिसते व तिची दुरुस्ती करता येते. माणसाच्या स्मरणातील ठेव मात्र कोणताही आवाज न करता नाहीशी होते.

जहाजांच्या गोदीत काम केलेल्या एका कामगाराने संसदेचे दार सात वर्षे ठोठावले, ते हे सर्व त्याला उमगले होते म्हणून. ज्या शाळेत, ज्या पंचायतीत, ज्या कार्यालयात एखादा असा माणूस असेल, त्याला केंद्राच्या उभारणीची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या दाराशी वही घेऊन बसणे, हीच त्या कामाची पहिली पायरी होय.